‘झालं’ म्हणायचं राहिलं

माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेलं सांगतोय. कुणाला थाप वाटली तर वाटो. त्या काचा मी या डोळ्यांनी पाहिल्यात.

मामा फोटोग्राफर. पण फोटो काढणार जुन्यापुराण्या लाकडी कॅमेऱ्याने, रसायन लावलेल्या ओल्या काचेवर. भिंगाचं झाकण काढायचं, बारा आकडे मोजायचे, झाकण लावायचं आणि म्हणायचं, "झालं." तोवर समोरच्याने हूं की चूं करायचं नाही. जो हलला तो पुसट आला.

आणि त्याची सात वर्षांची लेक होती भिंगरी. नावातच आलं सगळं. आठव्या आकड्याला हटकून हलायची. एकोणीस काचा झाल्या, एकीवरही धड चेहरा नाही. मोबाइलवर ढीगभर फोटो होते, पण मामाला ते फोटो वाटायचेच नाहीत.

त्या रविवारी वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत तिला सहाव्या आकड्यालाच खुदकन हसू फुटलं. मामाचं डोकं फिरलं. "मी झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही," असं दरडावून तो तरातरा खाली निघून गेला.

पोर अर्धा तास स्टुलावर बसून होती. शेवटी मामीने उचलून आणली.

त्याच आठवड्यात तापाने ती गेली.

दीड महिन्यानंतरची गोष्ट. दुपारचे पावणेचार. स्टुडिओत छताच्या काचेतून लख्ख ऊन. भिंगाला बुरशी धरलीय का बघायला मामाने काच घालून कॅमेरा रिकाम्या स्टुलाकडे रोखला. झाकण काढलं.

एक... दोन... तीन...

सातला स्टूल करकरलं.

आठ...

रस्त्यावरचा आवाजसुद्धा थांबला होता.

बाराला झाकण लावलं. सवयीचा शब्द ओठांवर आला, पण तो न म्हणताच मामाने काच काढली.

अंधारखोलीत काच धुतली. आधी स्टूल दिसलं... मग दोन वेण्या... मग चेहरा.

स्पष्ट. पापण्या मोजाव्यात इतका. हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. भिंगरी जराही हलली नव्हती.

मामा ढसाढसा रडला. मग रोज दुपारी काच लावू लागला. रोज ती बसलेली. फक्त डोळे दर काचेत जास्त दमलेले.

तो शब्द मात्र तो तोंडातून काढेना. म्हटला तर ती उठून जाईल, हे त्याला कळून चुकलं होतं.

दहाव्या दिवशी मामी वर आली. सगळ्या काचा ओळीने पाहिल्या. म्हणाली, "अहो, ताटकळलीय ती. सोडा आता तिला."

मामा रिकाम्या स्टुलासमोर खाली बसला. "चुकलं गं माझं," म्हणाला.

मग हळूच...

"झालं."

स्टूल करकरलं. लाकडी जिन्यावरून धाडधाड पावलं उतरत गेली... खालचं दार काही वाजलं नाही.

त्या सगळ्या काचांवर आता चेहऱ्याच्या जागी पुसट पांढरा पट्टा आहे. आधीच्या एकोणीस काचांवर होता, तसाच.

मामा अजून फोटो काढतो. गेल्या महिन्यात मी बसलो होतो. सहाव्या आकड्याला जिन्यात कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

मामाचा सातवा आकडा जरा उशिरा आला.

त्या काचेवर मी पुसट आलोय. हललो म्हणून मामा मला एका शब्दानेही बोलला नाही.