टाकीवरचा कान

"बरोबर सहाला अक्का दूध आणायला निघतात. जिन्याचं दार तेवढी पंधरा मिनिटं उघडं असतं. आपण वर जायचं, कारखाना बंद असताना मशीन काय नंबर दाखवतं ते बघायचं आणि त्या यायच्या आत खाली. एकदम सिंपल," विक्रांत म्हणाला.

"आणि अक्का लवकर आल्या तर?" जयूने विचारलं.

"नाही येणार यार. चार दिवस टाइम लावून बघतोय मी."

विक्रांत हा इंदूरहून दिवाळीच्या सुट्टीत आलेला मामेभाऊ. नववीत होता, आणि जगातल्या सगळ्या योजना आपल्याच डोक्यातून निघतात अशी त्याची पक्की समजूत होती. जयू पाचवीत. तिची मोठी बहीण भार्गवी सातवीत. तिला उंचीची भीती वाटायची आणि आज गच्चीवर जायचं होतं. पण त्याहून मोठी भीती दारावर चिकटवलेल्या नोटिशीची होती.

भैरवगढमध्ये तिच्या आईचा, चारुलताबाईंचा, कापडछपाईचा छोटा कारखाना होता. मागच्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहायचं. बाबा नागद्याला रेल्वेत, शनिवारी घरी. कारखान्यात सहा बायका लाकडी ठसे रंगात बुडवून चादरींवर ठोकायच्या. ठप, ठप, ठप. समोर तीन मजली प्रसूतिगृह होतं. दोन हजार साली गोंगाटाचा नवा कायदा आला आणि त्या पावसाळ्यानंतर प्रसूतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर आवाज मोजणारा माइक बसला. दिवसा आवाज पन्नास डेसिबलच्या आत हवा. माइकचा आकडा रोज सत्तरच्या घरात. म्हणून नोटीस आली होती: शुक्रवारी सकाळी प्रदूषण खात्याचे साहेब स्वतः तपासणीला येतील, आकडा खाली नसेल तर कारखान्याला सील.

आज शुक्रवार होता.

"आई काल रात्री जेवलीच नाही," भार्गवी म्हणाली. "चला."

आईला शिप्रा नदीवर फिरायला जातो असं सांगून तिघं निघाली. अक्का म्हणजे प्रसूतिगृहातली म्हातारी आया, आवाज असा की जन्मलेलं मूल रडायचं थांबावं. त्या दुधाची किटली घेऊन कोपऱ्यावर वळल्या आणि ही तिघं चपला हातात घेऊन जिना चढली.

गच्चीवर अजून नीट उजाडलं नव्हतं. दव इतकं की फरशी ओली लागत होती. मधोमध सिमेंटची उंच टाकी, तिला बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी. टाकीच्या माथ्यावर एक दांडा, त्याच्या टोकाला स्पंजाचा काळा गोळा आणि पाखरं बसू नयेत म्हणून तारांचे काटे. तो माइक. त्याची वायर खाली एका पेटीत आली होती. पेटीच्या झाकणाला काच होती आणि आत लाल आकडे लुकलुकत होते.

जयूने वही काढली. "सहा वाजून सात मिनिटं. किती लिहू?"

विक्रांत वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"एकाहत्तर," तो म्हणाला.

"कसं शक्य आहे? आमचा कारखाना तर बंद आहे," भार्गवी म्हणाली.

तिघांनी कान टवकारले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आकडा मात्र चौऱ्याहत्तर झाला, मग एकोणसत्तर, मग पुन्हा चौऱ्याहत्तर.

"मग हा ऐकतोय तरी काय?" जयू कुजबुजली.

पेटीच्या कडेला एक छोटं भोक होतं. विक्रांतने वॉकमनचे इअरफोन काढून त्यांची पिन त्यात खुपसली आणि ते कानाला लावले. दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने इअरफोन ओढून काढले आणि झपकन मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"कुणीतरी चालतंय," तो म्हणाला. "अगदी जवळ. आणि काहीतरी फरफटत नेतंय."

भार्गवीने इअरफोन घेतले. खर्रर्र... खर्रर्र... मधूनच तडतड, फट्, जणू कुणी ओल्या लाकडावर पाय देत होतं. आवाज तिच्या डोक्याच्या आत होता आणि तिच्यासमोर रिकामी गच्ची होती. मानेवरून घामाचा थेंब खाली गेला, ऐन थंडीत.

"मला घरी जायचंय," जयू रडवेली झाली.

तेवढ्यात खाली किटली वाजली. पावलांचा आवाज वर वर आला. तिघं टाकीमागे दडली. जिन्याचं दार आपटलं आणि पलीकडून कडी सरकली. अक्का चार मिनिटं लवकर आल्या होत्या.

"चार दिवस टाइम लावत होतास ना?" भार्गवी म्हणाली. एरवी ती हसली असती.

"हाक मारू या का?" जयूने विचारलं.

"हाक मारली तर म्हणतील, मशीनशी खेळायला आली होती. आईवरच येईल सगळं." भार्गवी म्हणाली. साहेब नऊला येणार होते. म्हणजे अजून पावणेतीन तास, आणि त्या खरखरणाऱ्या गोष्टीबरोबर.

विक्रांत भिंतीला पाठ लावून बसला. इंदूरच्या सगळ्या शौर्यकथा त्याच्या तोंडून एकाएकी गायब झाल्या होत्या. भार्गवीला त्याचा राग आला नाही. तीही घाबरली होती. पण डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आवाज माइकमधून येतोय, माइक वर आहे, आणि वर जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही.

"शिडी धर," ती विक्रांतला म्हणाली.

"तू? तू तर झोक्यावर पण बसत नाहीस."

"धर म्हटलं ना."

पहिल्या चार पायऱ्या तिने डोळे मिटून चढल्या. मग कळलं की डोळे मिटले की जास्त भीती वाटते. सातव्या पायरीवर दवाने पाय सटकला आणि ती एका हाताने लोंबकळली. खालून जयूची किंकाळी अर्धीच निघाली, विक्रांतने तिच्या तोंडावर हात ठेवला होता. भार्गवीने शिडीला मिठी मारली. खाली यावं, आत्ताच्या आत्ता खाली यावं असं तिला वाटत होतं. मग समोर कारखान्याच्या खिडकीत दिवा लागला आणि आई चूल पेटवताना दिसली. ती उरलेल्या पाच पायऱ्या चढली.

माथ्यावर ती गुडघ्यांवर रांगत दांड्यापाशी गेली. आधी तिला काहीच दिसलं नाही. मग उजेड वाढला आणि दांडा हलतोय असं वाटून तिच्या अंगावर काटा आला. दांडा हलत नव्हता. त्याच्यावरून मुंग्यांची रांग चालली होती, जाड काळ्या मुंग्यांची. स्पंजाच्या गोळ्यात शेकडो शिरत होत्या, शेकडो बाहेर येत होत्या. आणि उतरणाऱ्या प्रत्येक मुंगीच्या तोंडात एक निळा कण होता.

माइकच्या खाली काचेची छोटी नळी होती. तिचं झाकण फुटलेलं, वर चिकटपट्टी गुंडाळलेली, तीही सुटलेली. आत निळे दाणे, एकमेकांना चिकटून लगदा झालेले. भार्गवीने नळीला हात लावला नाही. फक्त बाहेर ओघळलेल्या थेंबाला बोट टेकवलं. बोट निळं झालं.

तो निळा रंग तिने पाहताक्षणी ओळखला, आणि आता तिला जी भीती वाटली ती मुंग्यांची नव्हती.

ती शिडी उतरून खाली आली. विक्रांतने तिला भिंतीशी बसवलं. "भूत आहे का?" जयूने विचारलं.

"मुंग्या आहेत. माइकवरून चालतात, तेच आपल्याला ऐकू येतं. आणि आत ओल आहे, त्याची तडतड." तिने पेटीच्या झाकणावर चिकटवलेल्या सूचनेकडे बोट दाखवलं. ओल शोषणाऱ्या दाण्यांबद्दल तिथे हिंदीत लिहिलं होतं: दाने नमी सोखते हैं। नीले – ठीक। गुलाबी – तुरंत बदलें।

"मग दाणे निळेच आहेत ना?" विक्रांत म्हणाला.

"तो साबूदाणा आहे, विक्रांत."

माइकच्या देखरेखीचं काम भय्यासाहेबांकडे होतं. पणजोबा दरबारात होते हे दर तिसऱ्या वाक्याला सांगणारे भय्यासाहेब नवरात्रात कारखान्यात आले होते आणि रांगोळीत भरायला म्हणून अर्धा किलो साबूदाणा निळा रंगवून घेऊन गेले होते. उपासाच्या दिवसांत साबूदाणा रंगात बुडवताना आई पुटपुटत होती, म्हणून भार्गवीच्या चांगलं लक्षात होतं. खरे दाणे गुलाबी झाले की बदलावे लागतात, त्यासाठी दर वेळी शिडी चढावी लागते. साबूदाणा कधीच गुलाबी होत नाही.

"जमलं मग! सांगून टाकू साहेबांना," विक्रांत म्हणाला.

"आणि साहेब म्हणाले की रंग तुमच्याच कारखान्याचा, तुम्हीच मशीन बिघडवलं, तर?"

विक्रांतने इअरफोन गुंडाळून खिशात ठेवले.

पुढचे दोन तास भार्गवी गुडघ्यांत डोकं घालून बसली. सांगितलं नाही तर कारखाना जातो. सांगितलं तर आईच अडकते. जयू दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत राहिली, कारण काहीतरी करत राहिलं की तिला रडू येत नव्हतं. नऊला कारखान्यात ठप, ठप सुरू झालं आणि लगेच जिन्यावर पावलं वाजली.

आधी श्रीकांत साहेब आले. मध्यम वयाचे, चष्मा, हातात उपकरणांची पेटी. त्यांच्यामागे धापा टाकत भय्यासाहेब, आणि शेवटी किल्ल्या वाजवत अक्का.

"ऐका साहेब, ही ठोकठोक. आकडा पाहा, बाहत्तर. यंत्र कसं टकाटक ठेवलंय मी," भय्यासाहेब म्हणाले आणि त्यांची नजर टाकीमागे गेली. "अरे! ये बच्चे यहाँ क्या कर रहे हैं? देखा साहब? चारुलताबाईंनी पोरं पाठवली मशीन बिघडवायला."

अक्कांनी कमरेवर हात ठेवले. "भार्गवी? कडी तर मीच लावली होती, सकाळी दूध आणल्यावर." मग त्यांनी कठड्यावरून समोर अशी हाक मारली की कारखान्यातली ठोकठोक थांबली. "चारुलताबाईऽ, वर या."

आई येईपर्यंत भार्गवी जमिनीकडे बघत उभी होती. आई आली, तिच्या हाताला ओला रंग होता आणि चेहरा उतरला होता.

"मी काही बिघडवलं नाही," भार्गवी कसंबसं म्हणाली. "भय्यासाहेब काका, एक विचारू? नळीतले दाणे कधी बदलले?"

"सोमवारी. स्वतःच्या हाताने. रजिस्टरमध्ये सही आहे."

"म्हणजे ताजे आहेत. खऱ्या दाण्यांवर पाणी पडलं तर ते गुलाबी होतात ना?"

"होतातच. नियमच आहे तसा."

"साहेब, तुमच्याकडे खरे दाणे आहेत?"

श्रीकांत साहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पेटीतून एक बाटली काढली. मग शिडी चढून ते नळी घेऊन खाली आले. त्यांच्या बाहीवर मुंग्या चढल्या होत्या. भार्गवीने आपला पांढरा रुमाल फरशीवर पसरला. रंग पक्का की कच्चा हे कारखान्यात असंच बघतात, ओल्या पांढऱ्या कापडावर. तिने एका बाजूला बाटलीतले दाणे ठेवले, दुसऱ्या बाजूला नळीतले, आणि टाकीच्या नळाचं पाणी ओंजळीने शिंपडलं.

बाटलीतल्या दाण्यांचा निळा रंग फिकट झाला, मग हळूहळू गुलाबी. रुमाल तिथे पांढराच राहिला. नळीतले दाणे निळेच राहिले आणि त्यांच्याभोवती रुमालावर निळा डाग पसरत गेला.

"हे काय आहे?" श्रीकांत साहेबांनी विचारलं.

भय्यासाहेब जिन्याच्या दाराकडे एक पाऊल सरकले.

"साबूदाणा," भार्गवी म्हणाली. पुढचे शब्द काढताना तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. "रंग आमच्याच कारखान्यातला आहे. आईनेच रंगवून दिला होता."

आई पुढे आली आणि तिने भार्गवीच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं आहे, साहेब. रांगोळीसाठी म्हणून मागितला होता यांनी. विचारायला हवं होतं मी."

"गुडघे दुखतात हो साहेब," भय्यासाहेब पडेल आवाजात म्हणाले. "दर आठवड्याला शिडी कोण चढणार? खालून काचेत निळं दिसलं की झालं."

"नवरात्रात एकदा वर गेले तेवढेच, दिवाळी आली तरी हे पुन्हा चढले नाहीत," अक्का म्हणाल्या. "खाली चहा पितात आणि रजिस्टर मागवून सही करतात."

जयूने वही पुढे केली. सहा वाजून सात मिनिटांपासून नऊपर्यंतचे आकडे, वेळेसकट. सगळे पन्नासच्या वर, कारखाना बंद असताना. श्रीकांत साहेबांनी पानावरून दोनदा बोट फिरवलं.

मग त्यांनी स्पंज झटकला, माइक पुसून उन्हात वाळवला, नळी बदलून खरे दाणे भरले. एक लहानशी डबी माइकवर बसवली. "ही ठरावीक आवाज काढते. यंत्राने चौऱ्याण्णव दाखवलं तर ते बरोबर ऐकतंय." आकडा चौऱ्याण्णववर स्थिर झाला. "आता तासभर तुमचं काम चालू द्या, बाई. मग खरं काय ते कळेल."

हा तास सकाळपेक्षाही वाईट गेला. यंत्र दुरुस्त झालं होतं, पण खरा आकडाच पन्नासच्या वर निघाला तर? कारखान्यातून फार दबका आवाज यायला लागला. बायका घाबरून ठसे अलगद टेकवत होत्या. आई कठड्याशी गेली आणि खाली ओरडून म्हणाली, "रोज मारता तसंच मारा गं. चोरी नाही करत आपण."

ठप, ठप, ठप. भार्गवीने आईचा पदर घट्ट धरला आणि आकड्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. विक्रांत बघत होता. त्याचे ओठ हलत होते, बहुतेक मारुतिस्तोत्र चाललं होतं.

तास झाला. श्रीकांत साहेबांनी चष्मा पुसला, आकडा लिहिला आणि कागद आईच्या हातात दिला. "सरासरी अठ्ठेचाळीस. नोटीस रद्द समजा. भय्यासाहेब, तुम्ही माझ्याबरोबर ऑफिसात चला, हे रजिस्टर घेऊन."

मग ते मुलांकडे वळले. "न विचारता वर आलात हे चूकच. पुन्हा नाही यायचं. पण आमच्या खात्याला दोन महिन्यांत जे सुचलं नाही ते तुम्ही एका सकाळी केलंत. आणि मशीनला हात न लावता. शाबास." जयूची वही त्यांनी मागून घेतली, अहवालाला जोडायला. जयू एवढी फुगली की अक्कांना हसू आलं.

"शिडीवर कोण चढलं होतं?" साहेबांनी विचारलं.

विक्रांतने भार्गवीकडे बोट दाखवलं. "ही. मी घाबरलो होतो," तो म्हणाला, आणि इंदूरहून आल्यापासून त्याने सांगितलेली ही पहिली गोष्ट होती जिच्यात तो स्वतः हीरो नव्हता.

"आणि तुला भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," भार्गवी म्हणाली. "अजून वाटतेय. आईचं नाव सांगताना तर सगळ्यात जास्त."

आईने तिला जवळ ओढलं. "तू नसतं सांगितलंस तर मी सांगितलं असतं का, कोण जाणे," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त भार्गवीला ऐकू गेलं. आईचा हात तिच्या पाठीवरच होता. भार्गवीने तो आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि दोघी तशाच एकमेकींना धरून जिना उतरल्या.