हरकत नसेल तर

नव्याने निवडून आलेली इल्वा पहिल्याच दिवशी स्टॉकहोमच्या संसदेत भलत्याच खुर्चीवर जाऊन बसली.

"प्रचारात माझी सालटी काढलीस, ते ठीक. आता खुर्चीही घेणार का?"

तिने वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. हेनिंग! त्यांच्या गावच्या, सुंड्सवालच्या चौकात महिनाभर जिथे तिथे तिला आडवा आलेला. ओला कोट हातावर, दाढीत पावसाचे थेंब… आणि तेच चिडवणारं हसू.

"कामगार पक्षाचे लोक इकडे कुठे?"

"इथे पक्षवार नाही, जिल्हावार बसवतात बाई. म्हणजे भांडायला उठून जावं लागत नाही. चार वर्षं माझा शेजार… हरकत नाही ना?"

"असून सांगते कुणाला!" म्हणत ती शेजारच्या खुर्चीवर सरकली.

इल्वा शेतकऱ्यांच्या चिमुकल्या पक्षाची. सभागृहात दोघं एकमेकांची मतं खोडून काढायची आणि खाली बसली की कुजबुजायची. अर्थसंकल्पाची भाषणं लांबली की हेनिंग ज्येष्ठमधाची एक खारट काळी गोळी तिच्याकडे सरकवायचा. ती पेन्सिलीने परत ढकलायची… आणि मग खायचीच.

"हरकत नसेल तर कॉफी?"

"हरकत नाही."

"हरकत नसेल तर बर्फावरून एक चक्कर?"

"हरकत… नाही."

फेब्रुवारीत त्याने क्रीम भरलेला वेलचीचा पाव आणला. खाताना तिच्या नाकाला क्रीम लागलं. ते पुसायला त्याने हात पुढे केला – आणि अर्ध्यातून मागे घेतला. इल्वा प्रेमात पडली होती आणि तिला ते स्वच्छ कळत होतं. पण त्याचं काय, हे तो काही केल्या बोलत नव्हता.

मार्चमध्ये सरकार गडगडलं. पंतप्रधानपदासाठी हेनिंगच्या नेत्याचं नाव पुढे आलं. इथल्या घटनेत पंतप्रधान व्हायला बहुमत बाजूने लागत नाही. निम्म्याहून जास्त खासदार विरोधात गेले नाहीत की पुरे. इल्वाच्या पक्षाने तटस्थ राहायचं ठरवलं. म्हणजे पिवळं बटण; हिरवं होकाराचं, लाल विरोधाचं.

"नाव मंजूर झालं तर मला वनखातं देणार म्हणतात," मतदानाच्या आधी हेनिंग हळूच म्हणाला.

"अरे वा! अभिनंदन."

"मंत्र्याला इथली जागा सोडावी लागते. बदली खासदार येतो…"

"माहीत आहे मला," ती तुटकपणे म्हणाली. ही कुणकुण सकाळीच तिच्या कानावर आली होती; तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

घंटा झाली. हिशेबाप्रमाणे नाव पाडायला विरोधकांना एकच मत कमी पडत होतं. तिने लाल बटण दाबलं असतं तर नाव पडलं असतं आणि हेनिंग शेजारीच राहिला असता, खारट गोळ्यांसकट. तिचं बोट लाल बटणावर क्षणभर थांबलंही. मग तिला स्वतःचीच चीड आली. आपला शेजार टिकावा म्हणून देशाचं सरकार पाडायचं?

तिने पिवळं दाबलं. नाव मंजूर झालं. टाळ्या वाजल्या, तिनेही वाजवल्या.

हेनिंग कागद गोळा करू लागला. उगाचच फार वेळ लावत होता.

"हरकत नसेल तर… भेटत राहू अधूनमधून?"

"हरकत आहे."

त्याचा चेहरा पडला.

"पंतप्रधान व्हायला कुणी विरोधात नसलं की भागतं," इल्वा म्हणाली. "माझ्याकडे नाही भागत. सगळा हिवाळा माझी हरकत विचारतोयस. तुला काय हवंय, ते एकदा तरी सांगितलंस का?"

ओळीतले जिल्ह्याचे बाकीचे खासदार, सगळ्या पक्षांचे, निघता निघता थबकले. संध्याकाळच्या आत ही बातमी सुंड्सवालला पोचणार होती. हेनिंगने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद खाली ठेवले.

"तू," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस, इल्वा. अधूनमधून नाही. रोज."

तिने हात लांब करून त्याच्या टेबलावरचं हिरवं बटण दाबलं. मतदान केव्हाच संपलं होतं.

"दिवा लागला नाही," हेनिंग म्हणाला.

"म्हणून तोंडाने सांगते," ती म्हणाली. "हो."