छत : माळवद

मोबाइल ठेवा खाली. खोल्या शोधायच्या साइटचं नाव काढलंत म्हणून सांगतो, न्हाईतर ही गोष्ट मी रात्रीची काढत नसतो. आमच्या लातूरच्या पाशामियाँ रंगाऱ्याचा पोरगा जीशान, त्याच्या बाबतीत घडलेलं हाय. खोटं सांगून मला काय मिळायचंय?

क्लासच्या पोरापोरींसाठी त्यानं खोल्यांची साइट काढली होती. डोकं भारी त्याचं. गावाकडचे आईबाप फोनवर पहिलं काय विचारतात, ते त्यानं बरोबर हेरलं. भाडं नंतर, पाणी नंतर. आधी विचारतात, वर काय हाय? त्र्याण्णव साली गणपती बुडवून झोपलेली गावंच्या गावं पहाटे दगडमातीखाली गेली. तेव्हापासून आपल्याकडचा माणूस परक्या घरात शिरला की आधी वर बघतो. म्हणून जीशाननं प्रत्येक खोलीपुढं 'छत' असा रकाना दिला. त्यात दोनच पर्याय, स्लॅब न्हाईतर पत्रा. त्यातलाच एक निवडायचा, हातानं लिहायची सोयच ठेवली नव्हती.

दुसरी त्याची करामत म्हणजे हिरवी खूण. 'आम्ही स्वतः पाहिलेली खोली.' त्या खुणेवर लोक डोळे झाकून विश्वास टाकायला लागले. पण जूनमधी क्लास सुरू झाले, खोल्यांची रांग लागली, आणि हा पठ्ठ्या खुर्चीत बसून नुसते फोटो बघून खूण द्यायला लागला.

आता तारीख ऐका. दोन हजार एकोणीस, एकवीस जून, शुक्रवार. दिवस मावळता मुदखेडहून केरबा नावाच्या माणसाचा फोन आला. त्याची लेक लुंबिनी डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला येणार होती. खोली ठरली म्हणे. उमाबाई नावाची घरमालकीण फोनवर लई मायेनं बोलली. दोघींची खोली, एक जागा रिकामी. उद्या पोरीला घेऊन औशाच्या पुढच्या फाट्यावर उतरा, मी न्यायला येते, असं तिनं सांगितलं होतं.

जीशान चमकला. औशाच्या पुढं कुठले क्लास? तसं विचारलं तर केरबा म्हणाला, "भाऊ, आमाला लातूर कुठं ठावं हाय? तुमची हिरवी खूण बघितली आन् हो म्हणलं. तुमी बघून आलाव म्हणल्यावर आमाला काय भ्या?"

जीशाननं ते पान उघडलं. खूण त्याच्याच नावानं दिलेली. फोटोत एक दगडी उंबरा, आत काळोख. आणि छताच्या रकान्यात लिहिलेलं... माळवद.

तुम्ही पाहिलं नसंल. लाकडं टाकून वर हातभर पांढऱ्या मातीचा थर, ते माळवद. त्याच मातीनं त्या पहाटे माणसं गाडली. हा शब्द जीशाननं साइटवर ठेवलाच नव्हता. त्याचा पासवर्ड ठाऊक असलेला एकच माणूस, जोडीला काम करणारा मन्मथ. मन्मथनं आईची शपथ घेतली. जीशानला ती खोटी वाटली. त्यानं माळवद काढून पत्रा केलं. पान पुन्हा उघडलं. माळवद.

आपल्या खुणेच्या आडून कुणीतरी एका पोरीला आडरानात बोलावतंय, हा संशय त्याच्या डोक्यात घट्ट बसला. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर तोंड कुठं दाखवायचं? त्यानं गाडीला किक मारली.

आठ चाळीसला तो फाट्यावर पोचला. कुणी नव्हतं. मोबाइलवरचा नकाशा डावीकडं वळा म्हणत होता. बाभळीतनं बैलगाडीची वाट. पुढं भूकंपानंतर सोडून दिलेलं जुनं गावठाण. लाइट न्हाई, कुत्रं न्हाई. नकाशा म्हणाला, पोचलात.

समोर घर होतं. उंबरा तोच. दारात कंदील घेऊन एक म्हातारी.

"मावशी, उमाबाई तुमीच का?"

"हाव. ये की."

त्यानं दरडावून विचारलं, साइटवर ही खोली कुणी टाकली? बघायला कोण आलं होतं?

म्हातारी हळूच हसली. "आता रं? तूच की. तसं लिवलंयस न्हवं?"

जीशान कंदिलाच्या उजेडात आत डोकावला.

आत वाकळ पांघरून एक लहान पोर झोपलेली. हलत नव्हती.

"गणपती बुडवून आली आन् झोपली... अजून उठली न्हाई. एकटीला करमत न्हाई तिला. सोबत पायजे."

त्याच्या खांद्यावर काहीतरी पडलं. माती... पांढरी.

"वर बघ की, बाबा. तुमी आधी वर बघता न्हवं?"

त्यानं बघितलं न्हाई.

पळाला.

रात्रीच केरबाला फोन करून फाट्यावर उतरायचं न्हाई म्हणून बजावलं. सकाळी मन्मथला घेऊन पुन्हा गेला. बाभळी, दगडांचा ढीग आणि एक उंबरा. घर न्हाई. तिथंच त्यानं मन्मथची माफी मागितली. ती खोली साइटवरनं काढली, ती गुमान गेलीही. मग लुंबिनीसाठी त्यानं पायपीट करून क्लासजवळ नव्या इमारतीत खोली शोधली. दोन खाटा, एक अजून रिकामी. पक्का स्लॅब. स्वतः बघितली, मगच खूण दिली.

आठ दिवसांनी सकाळी तो पोरीची विचारपूस करायला गेला. दार उघडंच होतं. लुंबिनी हातात केरसुणी घेऊन उभी.

"खोली झ्याक हाय, दादा. फक्त ही माती कुठनं पडती, कळंना. रोज सकाळी, त्या दुसऱ्या खाटेवर. तिथं तर कुणीच झोपत न्हाई."

तेव्हा मात्र जीशाननं वर बघितलं. कोरा स्लॅब. एक भेग न्हाई.

मग खाली बघितलं. खाटेवर पांढऱ्या मातीचा थर पसरलेला... मधोमध चादर साफ होती. लहान पोर कुशीवर झोपलं तर जेवढी जागा लागंल, तेवढीच.