पोपटाला मंत्र म्हणता येतो का?

चष्म्याचा एक स्क्रू पडला होता, एवढंच निमित्त. लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस भर दुपारी दुकानात शिरला, काडी निखळलेला चष्मा काउंटरवर ठेवला आणि काखेतलं जाडजूड पुस्तकही शेजारी उघडंच टेकवलं. आतल्या खोलीत काचा घासणारी मुलगी बाहेर आली. चार वर्षं ती इथे भिंगं घासून फ्रेममध्ये बसवत होती. डोळ्यांत तेल घालून काम करायची सवय, त्यामुळे उलटं ठेवलेलं पानही तिला सहज वाचता आलं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, पक्षी होऊन उडताना मंत्र म्हणता येतो का?

हे काय म्हणून तिनं विचारलं, तेव्हा डोळे बारीक करून तो समजावत राहिला. खेळ आहे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. आपलं पात्र काय करतंय ते सांगायचं, फासे टाकायचे, आणि ते जमलं की नाही हे खेळ चालवणारा नियम बघून ठरवणार. खेळ चालवणारा तो स्वतः. आणि आता पेच असा होता की मंत्राला वाचा लागते, हातांच्या मुद्रा लागतात. जादूगार पक्षी झाला की दोन्ही गेलं.

"पोपट झाला तर?" ती म्हणाली.

तो थांबला. "पोपट बोलतो खरा… पण हात?"

"एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायानं मिरची खातोच की."

"आणि उडताना कशावर उभा राहणार?"

"उडताना…" तिनं स्क्रू पिळला, काच पुसली, चष्मा त्याच्यापुढे धरला, "दोन्ही पाय मोकळेच असतात."

त्यानं चष्मा चढवून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग विचारलं, "रविवारी दुपारी काय करता?"

सायकलच्या दुकानाच्या माळ्यावर खेळ चालायचा. बेकरी चालवणारे दोघे भाऊ, ती आणि तो, एवढीच मंडळी. पहिल्याच रविवारी त्यानं निकाल लिहूनच आणला होता. पोपटाला शब्दांचे मंत्र म्हणता येतील, मुद्रांचे नाही. उडताना पाय अंगाशी आवळलेले असतात. आधी म्हटलेला मंत्र रूप बदललं तरी टिकेल, मात्र वार बसला तर फासे टाकून चित्त शाबूत आहे का ते बघायचं. ती वाद घालत राहिली, तो पानं उलटत राहिला. थोरला बेकरीवाला म्हणाला, यांचं भांडण मिटेपर्यंत राक्षस म्हातारा होऊन मरेल.

पाचव्या रविवारी तिच्या पोपटाला बाण लागला. दरीच्या वर, दोनशे हात उंच. रूप सुटलं, ती माणूस होऊन खाली कोसळू लागली. हळू पडण्याचा मंत्र तिच्याजवळ होता. तिनं आशेनं त्याच्याकडे पाहिलं… त्यानं पुस्तक उघडलं, दोनदा वाचलं. रूप सुटलं त्या क्षणी मंत्र नाही, माणसाची वाचा पुढच्या पाळीला परत येते. आणि पुढच्या पाळीपर्यंत दरी संपली होती.

"मेलीस," तो हळूच म्हणाला. अहोजाहो कधी गळून पडलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तिला राग यायला हवा होता. पण जिना उतरताना ती हसत होती. हा माणूस कुणाची भीड धरत नाही, उद्या आपल्याशी खोटंही बोलणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. पुढे दर बुधवारी तो दुकान बंद व्हायच्या सुमाराला येऊ लागला. हाताला ग्रीसचा वास, खिशात नवीन शंका. वटवाघूळ झाल्यावर मंत्र ऐकू जाईल का? दोघं चहा पीत वाद घालायची. एकदा बसथांब्याच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता, आणि तिच्या तळहातावर फासा ठेवताना त्याची बोटं तिथेच राहिली… बस आली म्हणून काढली, नाहीतर कोण जाणे. बोलायचं राहून गेलं. येत्या बुधवारी बोलू, असं तिनं चार बुधवार केलं.

याच दिवसांत तिची थोरली बहीण, ताई, नोकरीच्या गावाहून घरी परतली. ठरलेलं लग्न मुलानं मोडलं होतं; ताई तीन महिने खोलीबाहेर पडत नव्हती. आईचा जीव टांगणीला. तेवढंच मन रमेल म्हणून हिनंच तिला रविवारी माळ्यावर नेलं. केससुद्धा हिनंच विंचरून दिले.

ताईला नियमांचा गंध नव्हता. तिची जादूगारीण घार झाली, उडाली आणि उडता उडता मंत्र म्हणू लागली, मुद्रांसकट. घारीला धड वाचा नाही की हात नाहीत. धाकटी वाट बघत राहिली. आता तो पुस्तक उघडेल…

त्यानं पुस्तक उघडलं नाही. "होऊ दे," तो म्हणाला. "घारीची शीळ मंत्रासारखीच असते."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," थोरला बेकरीवाला पुटपुटला.

"हे नियमात बसत नाही," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढला. ताईचा हात फाशावरून मागे गेला.

"एवढं काय त्यात," तो म्हणाला, तिच्याकडे न बघताच. "खेळच आहे."

तीन महिन्यांनी ताई पहिल्यांदा हसली होती. ती कुणाकडे बघून हसली हे धाकटीनं पाहिलं, आणि त्या दोघांना कळायच्या आधी तिला कळलं.

दोन महिन्यांनी, एका बुधवारी, तो दुपारीच आला. खिशात शंका नव्हती. बराच वेळ काउंटरवरची पट्टी सरकवत राहिला, मग म्हणाला की ताईला मागणी घालायची आहे. तिचं मन अजून हळवं आहे, घाई तर होणार नाही ना? तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?

"घाई नाही," ती म्हणाली. "विचार तिला." मग जीभ आवरलीच नाही. "मला एक सांग. मला तू कधीच सूट का दिली नाहीस?"

तो मोकळेपणानं हसला. "तुला? तुला कधी गरजच नव्हती."

स्तुती केल्यासारखं म्हणाला. कौतुकच होतं त्यात, आणि दुसरं काहीही नव्हतं. ताई सातनंतर मोकळी असते, एवढं सांगून ती आत गेली आणि यंत्र सुरू केलं.

पहिली काच चाकावर तडकली. दुसरीही. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक काच वाया गेली नव्हती. आवाज ऐकून मालक दारात आले. जमिनीवरचे तुकडे, तिचा हात, तिचा चेहरा त्यांनी पाहिला. आता बोलणी बसणार म्हणून ती ताठ उभी राहिली.

"असू दे पोरी," ते म्हणाले. "होतं कधीकधी."

तेव्हा मात्र तिला रडू फुटलं.