हँडलवरचा गार हात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. भुताखेतांवर माझाही विश्वास नाही. पण हे आमच्या चक्रीच्या बाबतीत घडलं, आणि चक्री थापा मारणाऱ्यांतला नव्हता.

चक्री म्हणजे ऑपरेशन थिएटरातला पंपवाला. बायपासच्या वेळी हृदय थांबवतात ना, तेवढा वेळ रक्त फिरवणारं मशीन याच्या ताब्यात. त्या मंगळवारी रात्री अकराला त्याला घरून बोलावून घेतलं. पेशंट एक शाळामास्तर, हृदय पार थकलेलं. दारातच मास्तरांच्या बायकोने याचा हात धरला.

"दादा, यांना परत आणा हो. मला दुसरं कोणी नाही."

"आणतो, वहिनी." बोलून गेला बिचारा.

बायपास झाली, पण हृदय काही चालायचं नाव घेईना. डॉक्टर म्हणाले, "मशीनवरच राहू दे. मांडीच्या रक्तवाहिनीतून हृदयाजवळ फुगा घालू, तेवढ्या आधाराने धरेल." फुग्याचं मशीन आलं. घाईघाईत चक्रीने दोन्ही मशीनं एकाच बोर्डाला लावली.

फट्! बोर्ड जळला, खोलीतले दिवेही गेले.

आता बॅटरीवर चालायला हवं. पण ती रोज तपासायची असते, आणि हा पठ्ठ्या दोन आठवडे न बघताच 'ठीक' लिहून सही ठोकत होता. दोन वाजून चाळीस मिनिटांनी मशीन बंद पडलं.

अशा वेळी हँडल लावून हातानेच फिरवायचं. उलटं फिरलं तर नळीत हवा, माणूस खलास. म्हणून तो दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. शेजारच्या खोलीतून वीज ओढायला नर्स लांब वायर आणायला धावली. भूल देणाऱ्या बाईंनी टॉर्च धरला.

पाच मिनिटं. दहा. खांदा भरून आला. बोटं ऐकेनात.

"चक्री, प्रेशर पडतंय!"

"माझ्या हातून मरतोय हो हा माणूस..." रडत होता. रडत रडत फिरवत होता.

मग हात सुटला.

हँडल थांबलं नाही.

त्याने चाचपलं... हँडलवर एक हात होता. गार. उघडा. आत हातमोजे न घातलेलं कोणीच नव्हतं... चक्रीने मान वर केली नाही. हिंमतच झाली नाही.

वायर आली. मशीन सुरू झालं. फुगा बसला. पहाटे मास्तरांच्या हृदयाने कसाबसा ठेका धरला.

दुसऱ्या दिवशी चक्री बघायला गेला. मास्तर गुंगीत होते. वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "दादा, ऑपरेशन छातीचं होतं ना? मग हे काय? यांनी जन्मात खडूपेक्षा जड काही धरलं नाही हो."

ऑपरेशनभर मास्तरांचे दोन्ही हात चादरीत, अंगालगत घट्ट बांधलेले होते. चक्रीनेच बांधले होते.

वहिनींनी मास्तरांचा उजवा हात उलटा केला. तळव्यावर चार फोड होते... पाण्याने टरारलेले.