देवमनच्या हातचे नग

बडनेरा रोडवरच्या दुकानाचं शटर प्रियदर्शनीने वर ढकललं. आत लेथ मशीन, तेलाचा वास, खाली लोखंडाचा बुरादा. बाबा गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन आटोपलं होतं. आता दुकान रिकामं करायचं होतं.

बाबांची, म्हणजे देवमन खराद्यांची, एक रीत होती. गिऱ्हाईक नमुना आणायचं, बाबा त्याबरहुकूम नग उतरवून द्यायचे. कशासाठी ते विचारायचं नाही. मात्र नव्या नमुन्याचा पहिला नग ते कुणाला देत नसत. तो बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर राहायचा. पुन्हा मागणी आली तर नमुना घरचाच.

त्याच फळीने घात केला. अकोल्याच्या एका माणसाने शिलाई मशीनचा म्हणून एक बोटाच्या पेराएवढा तुकडा आणला होता. तो पिस्तुलाला बसवला की घोडा एकदा दाबला तरी गोळ्या थांबत नाहीत, हे बाबांना पोलिसांनी फळीवरचे सगळे नग जप्त केले तेव्हा कळलं.

"पिस्तूल नाही सापडलं तरी गुन्हाच आहे," ठाणेदार म्हणाले होते. "कायद्यात सुटा भागसुद्धा शस्त्रच. तेही मनाई असलेलं."

"साहेब, म्या त्याले चार नग देल्ले," बाबा म्हणाले. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जामीन मिळाल्यावर ते त्या माणसाला शोधायला अकोल्याला जात राहिले. तिथल्या मोटार स्टँडच्या बाकावरच एका दुपारी त्यांचा जीव गेला.

प्रियदर्शनीने रिकामी फळी पुसली आणि कुलूप लावलं. सकाळी आली तर फळीवर तसाच एक तुकडा होता. कोरा, तेलाचा हात फिरवलेला.

शेजारी खुशालरावांचं वेल्डिंगचं दुकान. ती तिथे गेली.

"काका, आत कोणी आलं होतं का?"

"नाई व माय. अन् मी कायले ठेवू तिथं? मले का जेलची भाकर खाची हाय?" ते हसले, मग चष्मा काढून पुसू लागले. "तुह्या बापाले मी म्हनो, देवमन, इचारत जा गा लोकायले. त म्हने, दाई इचारते का, पोरगं मोठं होऊन काय करन?"

तिने तो तुकडा ठाण्यात नेऊन दिला.

"वडिलांनी अजून किती लपवलेत, मॅडम?" ठाणेदारांनी विचारलं.

बाबा चार दिले म्हणाले होते, लपवले नव्हते. बाबा खोटं बोलत नसत. पण ती हे कुणाला पटवणार होती?

दुसरा आला तेव्हा त्याच्या कडा घासलेल्या होत्या. ठाणेदारांनी दुकानाची झडती घेतली, कुलूप बदललं, दारात शिपाई बसवला. तिसरा त्या शिपायाच्या पाठीमागे, बंद शटरच्या आत आला. तो काळवंडलेला होता. त्याला फटाक्याच्या जळक्या दारूचा वास होता.

ठाणेदारांनी तो भिंगाखाली धरला. दोनदा उलटून पाहिला.

"हा वापरलेला आहे," ते शेवटी म्हणाले. "हा दुकानात लपवलेला नव्हता. दुकानातून गेलेला आहे."

ती बाहेर आली. बाबा खरं बोलले होते. बाहेर अजून एक होता.

मशीन न्यायला आलेल्या माणसाला तिने परत पाठवलं. कॉलेज सुटलं की ती दुकानात येऊन बसू लागली. फळीकडे बघत बसायची. बाबाच ते नग परत आणताहेत, हे हसतील म्हणून कुणाला सांगत नसे.

एका संध्याकाळी तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, एकच राहिला. लवकर करा."

दिवेलागण झाली. रस्त्यावरून वरात येत होती. बँड, डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेल्या बाया, मागे जनरेटरची गाडी. नाचणाऱ्यांनी रस्ता अडवला होता. खुशालराव दारात उभे राहून बघत होते.

फळी रिकामी होती.

वरातीतून कडकड आवाज झाला. फटाक्यांची माळ लावल्यासारखा. एका दमात, न थांबता.

मग संपला.

बँडही थांबला. मधेच, सुरावर.

प्रियदर्शनी बाहेर धावली नाही. तिने मान वळवली.

फळीवर शेवटचा नग होता. तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. तो तापलेला होता, बोटाला फोड आला.

बाहेर कुणी उभं नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. जनरेटर तेवढा धडधडत राहिला.