मोरा मत देत नाही

एलिशा किहिमकरला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या बसच्या काचेतून. तो आत, मी बाहेर, आणि मधे जेमतेम हातभर अंतर. इस्रायलमधल्या बेर्शेबातला एकोणऐंशी सालचा उन्हाळा. माझा अख्खा वर्ग रस्त्यात आडवा उभा होता, आणि वर्गाबरोबर अर्थातच मी.

त्यानं खिडकीतून डोकं काढलं, हिब्रूत आमचा यथास्थित उद्धार केला आणि शेवटी मराठीत पुटपुटला, "काय येडी बाई आहे..."

"येडी नाही, तत्त्वज्ञान शिकवते," मीही मराठीतच म्हणाले; त्याच्यासारखीच मीसुद्धा महाराष्ट्रातून आलेली ज्यू.

तो असा काही हसला... जाऊ दे. त्या हसण्यानं पुढे माझी चांगलीच पंचाईत केली.

इतर शाळांनी हात टेकले की मुलं माझ्या वर्गात येत. पुस्तकातला न्याय त्यांना ऐकायचा नव्हता. म्हणून मी विचारलं होतं, तुमच्या गल्लीत अन्याय कुठे दिसतो? सगळ्यांचं एकच उत्तर आलं. सकाळची बस आमच्या थांब्यावर थांबतच नाही; मग उशीर होतो, आणि उशीर झाला की शाळा घरी पाठवते.

"का नाही थांबत?" शुलानं खिडकीतल्या एलिशाला विचारलं. वर्गात सगळ्यात तिखट जीभ तिची.

"मागच्या वळणावर निलगिरीखाली म्हाताऱ्या बसलेल्या असतात, दवाखान्यात जायला. तिथे थांबा नाही, पण सावली आहे. एकेकीला वर घेता घेता उशीर होतो. तो इथे भरून काढतो. आणि खरं सांगू? तुम्ही माझी सीटं फाडता."

"म्हणजे रागही आहे," मी म्हणाले.

"आहे ना. मी काय प्रेषित एलियाहू हनाबी आहे, राग न यायला?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याच बसनं घरी जाऊ लागले. प्रश्न सगळ्या बाजूंनी समजून घ्यायला हवा, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो समोरचा छोटा पंखा हळूच माझ्याकडे वळवून ठेवी आणि स्वतः घामानं निथळत बस चालवी.

"अहुवाबाई, तुमचं घर मागे गेलं."

"विचार करत होते."

"कसला?"

"न्यायाचा."

"तो माझ्या आरशात दिसतो वाटतं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसतं वाळवंट होतं — पण बघायला तेवढं पुरे होतं.

मग बसच्या कार्यालयानं वर्गाला म्हणणं मांडायला बोलावलं. एखाद्या कार्यालयानं या मुलांचं ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ. त्यांनी नुसती तक्रार केली असती, तरी एलिशाच्या हातातून बस गेली असती. नियम त्यानं मोडलेच होते.

आदल्या दिवशी वर्गात जोरदार वाद झाला. शेवटी शुला वळली. "मोरा, तुमचं मत?" हिब्रूत शिक्षिकेला मोराच म्हणतात.

"मी मत देणार नाही."

"आम्हाला रोज बोला, बोला म्हणता. आता का?"

ज्याचा जीव गुंतलाय त्यानं न्यायाधीश होऊ नये, हे मीच त्यांना शिकवलं होतं. माझ्या कानशिलांना चटके बसत होते. "कारण मी निःपक्षपाती नाही. मला... तो माणूस आवडतो."

"ते ठाऊक आहे," शुला शांतपणे म्हणाली. "सगळी वस्ती बघते ना, तुम्ही कुठे उतरता ते. पण सांगितलंत, बरं केलंत. आता बाहेर थांबा."

मी व्हरांड्यात थांबले. त्यांनी काय ठरवलं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी शुलानं कार्यालयात सगळ्या म्हाताऱ्यांना आणून बसवलं आणि सांगितलं, "ड्रायव्हर चुकला. सीटं फाडली ते आम्हीही चुकलो. पण थांबाच मुळात चुकीच्या जागी आहे. तो निलगिरीखाली न्या. आम्ही तिथवर चालत येऊ."

एलिशाला समज मिळाली, बस मात्र राहिली. थांब्याची पाटी निलगिरीखाली आली. मुलांनी सीटं शिवली, वेडीवाकडी का होईना.

पोराची बस राहिली तर एलियाहू हनाबीचा मलिदा करीन, असा एलिशाच्या आईनं नवस बोलला होता. तिनं सगळ्या वर्गाला बोलावलं. ताटात गोड पोहे, वर खोबरं, भोवती फळं. मुलं डोळे मोठे करून बघत होती.

"आमच्या शेजारच्या, भारतातून आलेल्या बाईंकडे अस्संच ताट होतं," शुला म्हणाली. "त्या दिवशी साखरपुडा होता. आज कुणाचा आहे?"

मी जमिनीकडे पाहिलं. एलिशानं तिचा प्रश्न आईला मराठीत सांगितला, चाचरत. आईनं पदर सारखा केला.

"ताट तेच गो पोरी. नवसालाही चालतंय नि साखरपुड्यालाही. एवढं खोबरं किसलंय... दोन्ही आजच उरकूया की."

मुलांना ओ की ठो कळेना. आता हिब्रूत सांगायची पाळी पुन्हा एलिशावर आली. त्याचे कान लालबुंद झाले. तो मुलांऐवजी माझ्याकडे वळला.

"आईचं जाऊ दे. मीच विचारतो. अहुवा... चालेल?"

त्यानं हे हिब्रूत विचारलं, सगळ्यांना कळेल असं. शुला लगेच उभी राहिली. "मतदान. हात वर."

भराभर हात वर गेले. त्याच्या आईचाही.

"मोरा? याही वेळी मत नाही?"

निःपक्षपाती तर मी मुळीच नव्हते. तरी हात वर केला... आणि एलिशानं तो खाली येऊच दिला नाही, आपल्या हातात धरून ठेवला.